यथा नाम तथा गुण

(ज्युबिलीनिमित्त सिंदी (रेल्वे) येथे भरलेल्या सभेत धर्मगुरूंनी केलेले भाषण)



ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगी आपणापुढे चार शब्द बोलावेत अशी उत्सव-मंडळाची आज्ञा झाली. विषय कोणता घ्यावा, या विवंचनेत मी काही दिवस होतो. अशात या स्मरणिकेत छापावयाची कुटुंबांची यादी माझ्याकडे तपासणीस आली. ती हाती घेऊन एकेक नाव वाचीत गेलो, तो विषय आपोआपच पुढे उभा राहिला. आज मी आपणाशी नावांविषयी बोलणार आहे. विशेषतः जी नावे त्यांच्या धन्यास शोभून दिसतात, त्यांविषयी.

आपल्या मराठी भाषेत 'नाव' या दोन अक्षरांभोवती केवढा संसार गुंफलेला आहे, पाहा. बारशाच्या दिवशी आपण मुलाचे नाव ठेवतो. तोच मुलगा थोर झाला की शेजारीपाजारी त्याला नावे ठेवतात. एकवचनाचे अनेकवचन झाले, एवढाच काय तो फरक. पण तेवढ्याने आशीर्वादाची निंदा होऊन जाते. मुलगा गुणी निघाला तर तो घराण्याचे नाव काढतो, अवगुणी निघाला तर नाव घालवतो. नाव आणि गुण यांचा मेळ बसला म्हणजे आपण 'यथा नाम तथा गुणः' असे म्हणून मान डोलावतो, आणि मेळ बसला नाही म्हणजे 'नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा' असे म्हणून हसतो. तात्पर्य, नाव शोभते की नाही, याचा न्याय आपण सारे नित्य करीत असतो. आज मला आपणास एवढेच विचारावयाचे आहे, की नाव शोभावे म्हणून आपण स्वतः काय करतो?

प्रथम आपल्या गावापासूनच आरंभ करू. वर्धा शहरालगत एक सिंदी आहे, तिला सिंदी (मेघे) म्हणतात. आणि आपली ही सिंदी (रेल्वे). ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीचा लोहमार्ग १८६७ साली नागपुरास जाऊन पोहोचला. त्या मार्गावर, वर्धा आणि नागपूर यांच्या दरम्यान, आपले स्टेशन आहे. म्हणून टपालवाल्यास आणि परगावच्या पाहुण्यास घोटाळा होऊ नये यासाठी गावाच्या नावापुढे कंसात 'रेल्वे' हा शब्द येऊन बसला, आणि आता तो गावाचे आडनावच होऊन गेला आहे. हे आडनाव कोणी कवीने दिले नाही, कोणी राजाने दिले नाही. गावात जे होते तेच लोकांनी सांगितले. असे नाव खोटे कसे ठरावे?

शिंदी म्हणजे रानखजूर. तिच्या पानांच्या केरसुण्या आणि चटया आपल्या मायबहिणींना ठाऊक आहेत. इब्री भाषेत खजुरीला 'तामार' म्हणतात, आणि संत मात्थीने प्रभूची जी वंशावळ दिली आहे तीत तामार नावाची एक स्त्री आहे. जगाने तिला पुष्कळ नावे ठेवली असतील. परंतु शुभवर्तमानकाराने तिचे नाव गाळले नाही. सिंदीकरांनी हे ध्यानात ठेवावे, म्हणून येथे सांगितले.

आता आपल्या जिल्ह्यात थोडे फिरून येऊ. पुलगावास वर्धा नदीवर रेल्वेचा पूल आहे, आणि त्या पुलावरूनच गावाचे नाव पडले. आधी पूल, मागाहून नाव. वर्धा शहर इंग्रज अमदानीत, १८६६ साली, पालकवाडी नावाच्या खेड्याच्या जागी वसविण्यात आले, आणि त्यास नदीचे नाव देण्यात आले. पवनारास आचार्य विनोबा भावे १९३८ साली राहावयास गेले. त्यांचा आश्रम धाम नदीच्या पैलतीरी. म्हणून त्याचे नाव 'परंधाम' ठेवले. धाम नदीच्या पलीकडचे, हाही अर्थ त्यात आला, आणि देवाचे परमधाम, हाही आला. एकाच शब्दात भूगोल आणि भक्ती दोन्ही साधली. वर्ध्याची मगनवाडी आणि तेथील १९३८ साली उघडलेले मगन संग्रहालय ही मगनलाल गांधींच्या स्मरणार्थ आहेत. दक्षिण आफ्रिकेतील आपल्या लढ्यास अन्वर्थक नाव हवे म्हणून महात्मा गांधींनी वाचकांकडून सूचना मागविल्या, तेव्हा मगनलालांनी 'सदाग्रह' हा शब्द सुचविला, आणि महात्माजींनी त्याचाच 'सत्याग्रह' केला. ज्याने एका थोर कार्यास नाव शोधून दिले, त्याचे स्वतःचे नाव आपल्या जिल्ह्यात असे जतन झाले आहे.

सेवाग्रामची कथा आपणापैकी पुष्कळांस ठाऊक असेल. त्या खेड्याचे मूळ नाव सेगाव. १९३६ साली महात्माजी तेथे राहावयास गेले. पुढे त्यांची पत्रे याच लोहमार्गावरील, बुलढाणा जिल्ह्यातील शेगावास जाऊ लागली. म्हणजे आपल्या दोन सिंदींसारखाच तो प्रकार झाला. आपण कंस घालून मोकळे झालो. तेथे १९४० साली नावच बदलून 'सेवाग्राम' केले. परंतु विचार करा, गावाच्या पाटीवर 'सेवा' हा शब्द लिहिणे किती जोखमीचे आहे! पुलगावास आपले नाव खरे करण्यासाठी काही करावे लागत नाही. पूल उभाच आहे. सेवाग्रामास मात्र ते रोज सकाळी उठून खरे करावे लागते. परचुरेशास्त्री या कुष्ठरोगाने ग्रासलेल्या विद्वान गृहस्थांना महात्माजींनी त्या आश्रमात आश्रय दिला, आणि स्वतःच्या हातांनी त्यांची शुश्रूषा केली. ते नाव खरे झाले ते पाटीमुळे नव्हे, त्या हातांमुळे.

यावरून ध्यानात येईल की शोभणारी नावे दोन प्रकारची असतात. काही नावे कामाच्या मागून येतात. ती पावतीसारखी असतात. काही नावे कामाच्या पुढे चालतात. ती कर्जरोख्यासारखी असतात. नाव आधी मिळते, आणि फेड जन्मभर करावी लागते.

या दुसऱ्या प्रकारचे एक उत्तम उदाहरण आपल्याच जिल्ह्यात जन्मलेल्या एका पुरुषाने घालून दिले. १९१४ साली हिंगणघाट येथे मुरलीधर देविदास आमटे यांचा जन्म झाला. लहानपणी घरची माणसे त्यांना लाडाने 'बाबा' म्हणत. लोकांना वाटते की त्यांच्या थोरवीमुळे त्यांना बाबा म्हणू लागले. वस्तुतः ते एका लाडक्या मुलाचे घरगुती नाव होते. पुढे ज्यांना घरच्यांनी टाकून दिले, अशा कुष्ठरोग्यांचे ते खरोखरच बाबा झाले. १९४९ साली त्यांनी महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि वरोड्याजवळ खडकाळ, ओसाड जमिनीवर आपले बिऱ्हाड मांडले. त्या माळरानाला त्यांनी नाव दिले 'आनंदवन'. त्या वेळी तेथे वन नव्हते, आणि आनंद तर त्याहून नव्हता. नाव मात्र आधी ठेवले. मग विहिरी खणल्या, झाडे लावली, आणि ज्यांच्या हातांची बोटे रोगाने झडली होती त्यांनी त्या हातांनी ते नाव खरे करून दाखविले.

बंधुभगिनींनो, पवित्र शास्त्रात ही गोष्ट पानोपानी आहे. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात नाबाल नावाचा एक धनाढ्य, उर्मट गृहस्थ येतो. नाबाल म्हणजे मूर्ख. आणि त्याची शहाणी पत्नी अबीगईल दाविदापुढे कबूल करते की आपला पती नावासारखाच आहे. हे नाव त्यास शोभले खरे. पण असे शोभणे देव कोणाच्या वाट्यास न आणो! दुसरीकडे फिलेमोनास लिहिलेल्या संत पौलाच्या पत्रात अनेसिम नावाचा एक पळालेला गुलाम आहे. अनेसिम म्हणजे उपयोगी. एखाद्या अवजारावर चिठ्ठी लावावी तसे ते नाव. धन्याच्या दृष्टीने तो निरुपयोगी ठरला होता. संत पौल त्या शब्दावर कोटी करून धन्यास कळवितो की पूर्वी निरुपयोगी असलेला आता दोघांनाही उपयोगी झाला आहे. त्याला दास म्हणून नव्हे, प्रिय बंधू म्हणून घरात घे. नाव तेच राहिले, परंतु गुलामाची चिठ्ठी भावाचे भूषण झाली. कोणामुळे झाली? त्या नावाने प्रीतीने हाक मारणारा एक मनुष्य भेटला, म्हणून.

आणि संत पेत्र! त्याचे मूळचे नाव शिमोन. प्रभूने पहिल्याच भेटीत त्यास 'केफा' म्हटले. केफा म्हणजे खडक. त्या दिवशी शिमोन खडक होता काय? मुळीच नाही. पुढे तो पाण्यावर चालावयास निघाला आणि भीतीने बुडू लागला. दासीच्या एका प्रश्नासरशी तो डळमळला, आणि कोंबडा आरवण्यापूर्वी तीनदा त्याने आपल्या गुरूला नाकारले. वाळूला खडक म्हणावे, तसेच ते नाव दिसत होते. आपण असतो तर उपहासाने म्हटले असते, 'नाव मोठे, लक्षण खोटे.' प्रभूने तसे म्हटले नाही, आणि दिलेले नाव परतही घेतले नाही. तो शिमोन काय होता हे पाहून त्यास हाक मारीत नव्हता. तो काय होईल हे पाहून हाक मारीत होता. अखेर रोम शहरी पेत्राने आपल्या रक्ताने ते ऋण फेडले.

या ठिकाणी मला एक वृद्ध गृहस्थ आठवतात. मी पूर्वी ज्या एका धर्मग्रामात होतो तेथील ते. आपल्या मुलुखातील एक जुनी चाल आपणास माहीत आहेच. ज्या घरी मुले जगत नसत, त्या घरी पुढच्या मुलाचे नाव मुद्दाम धोंडू, दगडू, केरबा, उकंडा असे ठेवीत. हेतू हा, की मृत्यूने त्यास केरकचरा समजून सोडून द्यावे. ऐकणाऱ्यास ती नावे हिणकस वाटतात. पण त्यांच्यामागे माउलीचे केवढे भय आणि केवढे प्रेम लपलेले असते! या गृहस्थांचेही नाव दगड या अर्थाचेच होते. त्यांच्या आधीची तीन भावंडे दगावली होती. उतारवयात ते स्नानसंस्कारासाठी सिद्ध झाले, तेव्हा मी मोठ्या उत्साहाने त्यांना म्हणालो, "आजोबा, आता तुमचे जुने नाव गेले. आजपासून तुम्ही पेत्र." त्यांनी पेत्र या नावाचा अर्थ विचारला. मी सांगितला. ते किंचित हसले आणि म्हणाले, "फादर, हे त माह्या मायनंच ठेवलं होतं. तुमी फक्त देवाले सांगतलं."

मी निरुत्तर झालो. सात वर्षे मी सेमिनरीत ग्रंथ चाळले होते. परंतु त्या निरक्षर म्हाताऱ्याने मला एका वाक्यात शिकविले की प्रेमाने ठेवलेले नाव देव कधी फुकट जाऊ देत नाही.

आता दुसरी गोष्ट सांगतो. ती सांगताना मला लाज वाटते, तरी सांगतो. मी नुकताच धर्मगुरू झालो होतो. रविवारी मिस्सा झाल्यावर मी मुलांना धर्मशिक्षण देत असे. एक मुलगा दर रविवारी येई, मागच्या भिंतीशी बसे, आणि थोड्याच वेळात त्याची मान कलंडे. एके दिवशी मी सर्वांदेखत त्यास हाक मारली, "उठा, कुंभकर्ण महाराज!" मुले खदखदा हसली. मीही हसलो. मला वाटले, काय समर्पक नाव सुचले! त्या दिवसापासून सारी मुले त्यास कुंभकर्ण म्हणू लागली, मग शाळा म्हणू लागली, मग गाव म्हणू लागले. दोन-तीन महिन्यांनी तो यावयाचाच बंद झाला.

मी चौकशीस त्याच्या घरी गेलो. त्याची आई दारातच उभी होती. तिने मला बसावयास पाट दिला आणि शांतपणे सांगितले की मुलाचे वडील वारल्यापासून तोच शेतावर जागलीला जातो. रानडुकरांपासून पीक राखावयाचे, म्हणून रात्रभर मचाणावर जागतो, आणि पहाटे तसाच मिस्साला येतो. ज्याला मी कुंभकर्ण म्हटले, तो त्या साऱ्या गावात रात्री जागणारा एकटा मुलगा होता! पंधरा दिवस शोधूनही त्यास याहून विपरीत नाव मला सापडले नसते.

मी त्या मुलाची क्षमा मागितली. तो म्हणाला, "राहू द्या, फादर." त्याने मला क्षमा केली, पण नाव काही परत घेता आले नाही. मंदिरात मी सर्वांसमोर माझी चूक सांगितली, मुलांना दटावले, तरी ते नाव गावाच्या तोंडून गेले नाही. बऱ्याच वर्षांनी त्याच्या लग्नाची पत्रिका मला आली. तीत त्याचे खरे नाव छापले होते, आणि पुढे कंसात, लोकांना ओळख पटावी म्हणून, मी ठेवलेले ते नाव. आपल्या गावाच्या नावापुढील कंस वाचला की मला आनंद होतो, कारण त्यात गावाची खरी ओळख आहे. आणि तो दुसरा कंस आठवला की माझी मान खाली जाते. ती पत्रिका मी माझ्या प्रार्थनापुस्तकात जपून ठेवली आहे. पापनिवेदनापूर्वी विवेकपरीक्षा करताना ती मला उपयोगी पडते.

यातून मी हे शिकलो. नाव शोभणे ही केवळ नाव धारण करणाऱ्याची जबाबदारी नाही. हाक मारणाऱ्याचीही ती तितकीच आहे. मुलाला रोज 'आळशी' म्हणावे आणि तो उद्योगी व्हावा, सुनेला रोज 'कपाळकरंटी' म्हणावे आणि तिच्या हाताला यश यावे, व्यसनात सापडलेल्या शेजाऱ्याला जन्मभर 'दारुड्या' म्हणावे आणि तो सुधारावा, हे कसे घडणार? वाईट नावही हाका मारमारून अंगाला चिकटते, आणि मग आपणच म्हणतो, 'पाहा, नाव कसे शोभते!' ज्याला आपण पारख समजतो, ती पुष्कळदा आपणच केलेली जखम असते.

महाराष्ट्रातील आपल्या ख्रिस्तसभेच्या इतिहासात एक साधे नाव मला फार आवडते. १९०३ साली फादर हेन्री डोरिंग या जर्मन येशूसंघीय धर्मगुरूंनी अहमदनगर जिल्ह्यातील केंदळ येथून एक मराठी मासिक सुरू केले आणि त्याचे नाव 'निरोप्या' ठेवले. पांडित्यदर्शक नाव ठेवणे त्यांस अशक्य नव्हते. त्यांनी खेड्यातल्या माणसास कळेल असे ठेवले. निरोप पोहोचविणारा तो निरोप्या. निरोप त्याचा स्वतःचा नसतो, धन्याचा असतो. माझ्या मते प्रत्येक ख्रिस्ती मनुष्याचे हे दुसरे नाव आहे. आपण ज्याला हाक मारतो, त्याला आपला राग पोहोचवावयाचा नसून प्रभूची प्रीती पोहोचवावयाची असते.

आता शेवटची गोष्ट, आणि ती आजच्या प्रसंगाचीच. आपण या उत्सवास 'ज्युबिली' म्हणतो. हा शब्द मुळात इब्री 'योबेल' यावरून आला. योबेल म्हणजे मेंढ्याचे शिंग, रणशिंग. लेवीय पुस्तकात सांगितले आहे की दर पन्नासाव्या वर्षी हे शिंग फुंकावे, देशभर मुक्ततेची घोषणा करावी, विकली गेलेली वतने मूळ कुटुंबांस परत द्यावीत, आणि दास झालेल्या बांधवांनी मोकळे होऊन आपापल्या घरी जावे. तोरणे, मिरवणुका आणि मेजवानी यांना माझी हरकत नाही. त्या आनंदाने कराव्यात. परंतु ज्या ज्युबिलीत कोणी मोकळा झाला नाही, तिला ज्युबिली हे नाव शोभणार नाही. मग आपण आपल्या उत्सवाचेच नाव घालविले असे होईल.

वतने परत देण्याचा अधिकार आज आपल्या हाती नाही. पण नावे परत देण्याचा आहे. या सभेत बसलेल्या प्रत्येकाने आपल्या मनाशी एक मनुष्य आठवावा, ज्याला आपण, किंवा आपल्या घराने, किंवा आपल्या मोहल्ल्याने एखाद्या वाईट नावात कोंडून ठेवले आहे. आज घरी जाताना त्याला त्याच्या स्नानसंस्काराच्या नावाने हाक मारा. आईबापांनी आपल्या मुलांना, तुझे नाव कोणत्या संताचे आहे आणि त्याचा अर्थ काय, हे या आठवड्यात सांगावे. आणि ज्यांच्या अंगाला एखादे हिणकस नाव चिकटले आहे, त्यांनी निराश होऊ नये. ज्याने शिमोनास खडक म्हटले, त्याच्या जिभेवर आपले खरे नाव अजून ताजे आहे.

त्या प्रभूचे स्वतःचे नाव येशू. त्याचा अर्थ परमेश्वर तारतो. देवदूताने योसेफास ते नाव सांगितले तेव्हा बालक अजून जन्मासही आले नव्हते. तेही कामाच्या पुढे चालणारे नाव होते, आणि क्रुसावर त्याची पूर्ण फेड झाली. याहून शोभलेले नाव जगात दुसरे नाही. त्या प्रभूवरूनच आपण सारे ख्रिस्ती म्हणविले जातो. तेव्हा आपले कर्ज केवढे थोर आहे, ते आपणच ओळखावे.

देव आपणा सर्वांस आपले नाव राखण्याचे आणि दुसऱ्याचे नाव जपण्याचे सामर्थ्य देवो. पवित्र मारिया, योसेफ आणि सर्व संत, ज्यांची नावे आपण धारण केली आहेत, ते आपल्यासाठी विनंती करोत. पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने. आमेन.